प्लगिनने दोन ओळी बदलायच्या, तर अख्खी यामल फाइल का विस्कटते?

आमच्या प्रकल्पात दर रिलीजला एक छोटं प्लगिन चालतं. त्याचं काम साधं आहे. कॉन्फिग फाइल, म्हणजे ॲपची सेटिंग यामल या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिलेली फाइल, वाचायची, तिच्यातला व्हर्जन क्रमांक आणि रिलीजची तारीख बदलायची, फाइल परत जागेवर ठेवायची. बदलायच्या ओळी दोनच. पण डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडला की शंभरावर ओळी लाल-हिरव्या झालेल्या असायच्या. कॉमेंट गायब, कींचा (म्हणजे सेटिंगच्या नावांचा) क्रम बदललेला, लांब वाक्यं मध्येच तुटलेली. मग कुणीतरी बसून हाताने सगळं सावरायचं आणि पुढच्या रिलीजला पुन्हा तेच.

बरेच महिने आम्ही याला फक्त कटकट समजत होतो. रिव्ह्यू करणारा खाली खाली सरकत जायचा, दोन ओळी दिसल्या की मंजुरी द्यायचा. मग एका रिलीजनंतर तक्रार आली की संपर्काच्या पानावर पुणे कार्यालयाच्या फोन नंबराआधी ०२० ऐवजी १६ दिसतंय. मुंबईच्या ०२२ चे १८ झाले होते. नागपूरचा ०७१२ होता, तिथे ४५८. कोल्हापूरच्या ०२३१ चे १५३. पणजीचा ०८३२ मात्र जसाच्या तसा.

हा पणजीचा बचावलेला आकडाच आम्हाला मूळ कारणापर्यंत घेऊन गेला. तुमच्याकडेही प्लगिन किंवा स्क्रिप्ट कॉन्फिग फाइल बदलत असेल आणि दर वेळी काहीतरी बिघडत असेल, तर पुढची तपासणी त्याच क्रमाने करा.

नेमकं काय होत होतं

प्लगिन पायथनमध्ये लिहिलेलं, यामल वाचायला पाययामल ही लायब्ररी. आत तीनच पायऱ्या होत्या: लोड (फाइल वाचणं), एक व्हॅल्यू बदल, डम्प (परत लिहिणं). पाहिलं तर कुणालाही बरोबर वाटेल असा कोड. पण लोड केल्यावर हातात फाइल राहत नाही, फाइलीचा अर्थ राहतो. कागद वाचून आशय लक्षात ठेवायचा, कागद फाडून टाकायचा आणि मग आठवेल तसा नवा लिहायचा, असा तो प्रकार आहे. कॉमेंट, रिकाम्या ओळी, कोट एकेरी होते की दुहेरी, यातलं काहीच त्या अर्थात नसतं. म्हणून डम्प करताना ते परत येऊच शकत नाही.

आकडे बदलण्याचं कारण आणखी खोल आहे. पाययामल यामलच्या १.१ या आवृत्तीचे नियम पाळते. त्या नियमांत कोट नसलेला आणि शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा मानला जातो, म्हणजे पाया १० नाही तर ८. ०२० म्हणजे दोन आठ, सोळा. ०७१२ म्हणजे सात चौसष्ट, एक आठ आणि वर दोन, एकूण ४५८. अष्टमानात ८ आणि ९ हे अंक नसतात. त्यामुळे ०८३२ ला पार्सरने, म्हणजे फाइल वाचून अर्थ लावणाऱ्या कोडने, आकडा न मानता साधा मजकूर मानलं आणि तो सुटला.

मग इतके दिवस ॲप नीट कसं चालत होतं? ॲप गो भाषेत आहे आणि तिथे हे फील्ड स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून जाहीर केलेलं. गोची यामल लायब्ररी स्ट्रिंग फील्डमध्ये फाइलीतला मूळ मजकूर जसाच्या तसा भरते. म्हणजे एकच फाइल वाचणारे दोन वाचक आणि दोघांचा अर्थ वेगळा. गडबड फक्त तेव्हा झाली, जेव्हा पायथनवाल्याने आपला अर्थ फाइलीत परत लिहून टाकला.

पाच मिनिटांची तपासणी

कोडला हात लावण्याआधी हे करा. ब्रँच स्वच्छ असू द्या. प्लगिनला फाइल वाचायला लावा आणि काहीही न बदलता परत लिहायला लावा. मग गिट डिफ बघा. डिफ रिकामा यायला हवा. एक जरी ओळ दिसली, तरी तुमचं प्लगिन व्हॅल्यू बदलत नाहीये, फाइल नव्याने लिहितंय. आम्ही ही तपासणी पहिल्याच दिवशी केली असती, तर पुढचे महिने वाचले असते. म्हणून सर्वांत आधी तीच सांगतोय.

साध्या गिट डिफमध्ये काही फरक नजरेतून सुटतात, म्हणून दोन्ही फाइलींचा आकार बाइटमध्येही ताडून बघा. शेवटचं नवओळीचं चिन्ह गेलं असेल किंवा ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे झाले असतील, तर ते तिथे पकडलं जातं.

डिफमध्ये काय दिसतंय?

सर्वांत आधी व्हॅल्यूंचे बदल शोधा, बाकीचं नंतर. कॉमेंट गेली तर माणसाची अडचण होते, व्हॅल्यू बदलली तर सिस्टीम चुकते. ही ठिकाणं हमखास सापडतात.

पायथनची आवृत्ती ३.१० कोट न करता लिहिली असेल, तर ती दशांश संख्या मानली जाते आणि परत लिहिताना ३.१ होते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच, बिल्डच्या दृष्टीने मात्र मध्ये नऊ आवृत्त्यांचं अंतर. २०२१ मध्ये पायथन ३.१० आली तेव्हा अनेकांच्या पाइपलाइन, म्हणजे आपोआप चालणारी बिल्डची कामं, याच कारणाने अडखळल्या.

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या वर्कफ्लो फाइलीत वरच 'ऑन' नावाची की असते. यामल १.१ मध्ये ऑन, ऑफ, येस आणि नो हे चारही शब्द बूलियन, म्हणजे खरं-खोटं दाखवणारे, आहेत. त्यामुळे पाययामलने ती फाइल लोड करून डम्प केली की कीचं नावच 'ट्रू' होऊन बसतं आणि वर्कफ्लो कधी चालवायचा हेच गिटहबला कळत नाही. 'नो'चा प्रकार नॉर्वेमुळे ठाऊक झाला आहे. देशांच्या यादीत नॉर्वेचा दोन अक्षरी कोड हाच, आणि तो कोट न करता लिहिला की 'फॉल्स' होतो.

डॉकर कंपोजच्या फाइलीत पोर्टच्या जोड्या असतात. २२२२:२२ अशी जोडी कोटशिवाय लिहिली, तर यामल १.१ तिला साठच्या पायाची संख्या समजते, तास-मिनिटांसारखी. २२२२ गुणिले ६० अधिक २२, उत्तर १,३३,३४२. याउलट ३३०६:३३०६ ही जोडी बचावते, कारण कोलननंतरचा आकडा साठच्या वर आहे. म्हणून हा दोष काही सर्व्हिसेसना बाधतो आणि काहींना नाही, आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

आता मराठी मजकुराचं. आमच्या फाइलीत कार्यालयांची नावं आणि सूचना देवनागरीत आहेत. पाययामलचा डम्प डिफॉल्ट सेटिंगमध्ये आस्कीबाहेरचं, म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचं, प्रत्येक अक्षर बॅकस्लॅश आणि संकेतांकाच्या रूपात लिहितो. 'पुणे' या छोट्या शब्दाचे चार संकेत होतात, कारण उकार आणि मात्रा युनिकोडमध्ये स्वतंत्र मोजल्या जातात. 'ण' च्या जागी ०९२३, मात्रेच्या जागी ०९४७. ॲपच्या दृष्टीने काही बिघडत नाही, ते संकेत वाचून बरोबर 'पुणे' दाखवतं. पण फाइल उघडणाऱ्या माणसाला ती वाचता येत नाही. आमच्याकडे सूचनांचा मजकूर तपासणाऱ्या ताई कोड लिहीत नाहीत, त्या थेट फाइल वाचायच्या. एका रिलीजनंतर त्यांना पान पान भरून आकडे दिसले आणि त्यांनी फाइल उघडणंच सोडून दिलं. मला हे १६ आकड्याइतकंच गंभीर वाटतं. आपल्या भाषेतला मजकूर आपल्याच फाइलीत वाचता न येणं हा बग आहे, त्याला सवय म्हणून स्वीकारू नका. पाययामलमध्ये 'अलाउ युनिकोड' चालू करावं लागतं. पायथनच्या जेसन लायब्ररीत याउलट 'एन्शुअर आस्की' बंद करावं लागतं. दोन्हीकडे फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका.

कींचा क्रम अकारविल्हे होणं आणि ऐंशीव्या अक्षराच्या आसपास ओळ तुटणं ही पाययामलचीच डिफॉल्ट सेटिंग आहेत. 'सॉर्ट कीज' बंद केलं आणि 'विड्थ' मोठी दिली की दोन्ही थांबतात. कॉमेंट मात्र कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत. त्यासाठी मार्गच बदलावा लागतो.

तात्पुरता उपाय, जो आजच करता येईल

जे आकड्यासारखं दिसतं पण आकडा नाही, त्याला कोट करा. एसटीडी कोड, आवृत्ती, पोर्टच्या जोड्या, फाइल परमिशन, शून्याने सुरू होणारा कोणताही क्रमांक. ओळख सोपी आहे: ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही, तो मजकूर.

एक गोष्ट इथेच सांगतो. या लेखात आकडे देवनागरीत लिहिलेत, पण वरचं सगळं घडतं ते फाइलीतल्या रोमन अंकांबाबत. देवनागरी अंकांत लिहिलेलं '०२०' पाययामल मजकूरच मानते, कारण तिचे नियम शून्य ते नऊ या रोमन अंकांपुरतेच आहेत.

आता फक्त १.२ पाळणाऱ्या लायब्ररीवर गेलं की झालं, असं काही जण सुचवतात. २००९ च्या यामल १.२ मध्ये ऑन आणि नो हे बूलियन राहिले नाहीत, साठचा पाया गेला, आणि अष्टमानासाठी शून्यानंतर 'ओ' अक्षर लावावं लागतं. पण तिथे कोट नसलेला ०२० हा वीस होतो, आणि १.१ मध्ये बचावलेला पणजीचा ०८३२ हा ८३२. शून्य जातंच. त्यामुळे कोट हवेतच.

कायमचा उपाय

दोन रस्ते आहेत. आम्ही दोन्ही वापरले.

पहिला, रुआमेल यामल ही लायब्ररी. ती पाययामलपासूनच निघालेली आहे, पण फाइल वाचताना कॉमेंट, क्रम आणि रिकाम्या ओळीही सोबत ठेवते आणि परत लिहिते. घेतल्याबरोबर तीन सेटिंग करा, नाहीतर पहिल्याच डिफमध्ये निराशा होईल. 'प्रिझर्व्ह कोट्स' चालू करा, कारण ते आपोआप चालू नसतं. 'विड्थ' ४०९६ सारखी मोठी द्या. आणि यादीचं इंडेंट तुमच्या फाइलीप्रमाणे लावा. यादीतल्या डॅशच्या आधी दोन स्पेस असतील, तर मॅपिंग २, सिक्वेन्स ४, ऑफसेट २.

तरीही एक खाच आहे. रुआमेल कॉमेंट तिच्या आधीच्या कीला चिकटवते, नंतरच्या नाही. आपण कॉमेंट लिहितो ती सहसा खालच्या ओळीसाठी. त्यामुळे प्लगिनने एखादी की काढली, की तिच्या खालच्या कीवर लिहिलेली कॉमेंट तिच्याबरोबर जाते. व्हॅल्यू बदलणं सुरक्षित, की काढणं तपासून करा.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो, विशेषतः एक-दोनच व्हॅल्यू बदलायच्या असतील तेव्हा. पार्सर फक्त जागा शोधायला वापरायचा, लिहायला नाही. पाययामलमध्येच 'कम्पोज' नावाचं फंक्शन आहे. ते व्हॅल्यूंचा अर्थ न लावता नोडचं, म्हणजे फाइलीतल्या एकेका घटकाचं, झाड देतं आणि प्रत्येक नोडला सुरुवातीची आणि शेवटची खूण असते: मूळ मजकुरात कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत. व्हर्जनचा नोड शोधायचा, मूळ मजकुराचे तीन तुकडे करायचे, मधला बदलायचा, पुन्हा जोडायचे. आधीचं आणि नंतरचं एकही अक्षर हलत नाही. नोडच्या खुणेत कोटही धरलेले असतात, म्हणून नवी व्हॅल्यू कोटसकट घाला. एका ओळीच्या व्हॅल्यूंसाठी हे उत्तम चालतं. अनेक ओळींच्या मजकुराला मात्र हा मार्ग लावू नका, तिथे शेवटची खूण नेमकी कुठे पडते ते बेभरवशाचं असतं.

हे केल्यानंतरचा पहिला डिफ मी बराच वेळ बघत बसलो होतो. दोन ओळी लाल, दोन हिरव्या.

इतर प्रकारच्या फाइली असतील तर थोडक्यात. टॉमलसाठी पायथन ३.११ पासून भाषेतच लायब्ररी आली आहे, पण ती फक्त वाचते. लिहायला टॉमलकिट घ्या, ती कॉमेंट जपते. आयएनआय फाइलींसाठीची पायथनची नेहमीची कॉन्फिगपार्सर कॉमेंट टाकून देते आणि कींची नावं लहान (लोअरकेस) अक्षरांत करते. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिग फाइलीचं नाव जेसनचं असलं तरी तिच्यात कॉमेंट चालतात, म्हणून साधा जेसन पार्सर तिथे अडतो. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलीत 'स्टोअर' केलं की वर त्या क्षणाची तारीख-वेळ कॉमेंट म्हणून येते, आणि काहीच न बदलताही दर वेळी डिफ दिसतो.

सगळं केलं, तरी फाइल दर वेळी बदलते

हे आमच्याकडेही झालं आणि सापडायला दोन दिवस गेले. प्लगिनमध्ये अट घातली होती की नवी व्हॅल्यू जुन्यासारखीच असेल तर लिहू नकोस. तरी एक सूचना दर वेळी 'बदलली' म्हणून लिहिली जायची. डोळ्यांना दोन्ही वाक्यं हुबेहूब सारखी. शेवटी अक्षरागणिक संकेतांक छापले तेव्हा फरक 'दुसऱ्या' या शब्दात निघाला.

आपला हा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. नुक्ता असलेला ऱ हे एकच अक्षर आणि हलन्त. किंवा साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलू शकतो. आमच्या फाइलीत एक प्रकार होता, मजकूर यायचा त्या शीटमध्ये दुसरा. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना युनिकोडचं एनएफसी, म्हणजे ठरवून दिलेलं एकसारखं, रूप द्या. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. जोडकाचा तिसरा प्रकार एनएफसीने एक होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. हे रूपांतर तुलनेपुरतंच ठेवा. फाइलीतला मजकूर परस्पर बदललात, तर पुन्हा न मागितलेला डिफ तयार होईल.

ओळींच्या शेवटाचंही असंच. एक सहकारी विंडोजवर आणि बाकीचे लिनक्सवर असतील, तर पायथन वाचताना-लिहिताना ओळींचे शेवट परस्पर बदलते. फाइल उघडताना 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या, म्हणजे जसे आहेत तसेच राहतील. कम्पोजच्या खुणा वापरत असाल तर हे अत्यावश्यक आहे, नाहीतर मूळ फाइलीतले शेवट टिकणार नाहीत.

लिहिताना फाइल हातची जाऊ नये

फाइल 'राइट' मोडमध्ये उघडताक्षणी रिकामी होते. त्यानंतर लिहिताना एरर आली, म्हणजे समजा विंडोजवर देवनागरी अक्षर त्या एन्कोडिंगमध्ये बसलं नाही, तर हातात रिकामी किंवा अर्धी फाइल उरते. म्हणून आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, ती पुन्हा वाचून तपासा, आणि मग पायथनच्या 'रिप्लेस'ने मूळ फाइलीच्या जागी ठेवा. फोल्डर तोच हवा, कारण दुसऱ्या डिस्कवर असलेली फाइल अशी एका झटक्यात हलवता येत नाही.

यातही एक गोष्ट आम्हाला नडली. पायथनच्या टेम्पफाइलने बनवलेल्या फाइलीची परमिशन ६०० असते, म्हणजे फक्त मालकाला वाचता येते. ती मूळ फाइलीच्या जागी बसली आणि सर्व्हरवर दुसऱ्या युजरने चालणाऱ्या ॲपला कॉन्फिग वाचता येईना. मूळ फाइलीची परमिशन आधी नव्या फाइलीवर लावा, मग रिप्लेस करा. आणि कॉन्फिग फाइल ही दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारी सिमलिंक असेल, तर आधी खरा पत्ता काढा, नाहीतर लिंक जाऊन तिच्या जागी साधी फाइल बसेल.

दोन जॉब एकाच वेळी चालत असतील, तर दोघे जुनी फाइल वाचतात आणि नंतर लिहिणारा आधीच्याचा बदल पुसतो. तिथे लॉक लागतो, आणि तो लिहिण्यापुरता पुरत नाही, वाचण्याच्या आधीपासून धरावा लागतो.

आधीच बिघडलेल्या फाइलींचं काय

प्लगिन दुरुस्त झालं तरी फाइलीतले १६ आणि १८ आपोआप परत फिरत नाहीत. उलटं गणित करणारी स्क्रिप्ट लिहायचा मोह होतो, पण तो टाळा. फाइलीतला कोणता १६ हा मुळात ०२० होता आणि कोणता खरोखरच सोळा, हे व्हॅल्यूवरून कळत नाही. आमच्याच फाइलीत एका ठिकाणी रांगेची मर्यादा १६ होती आणि ती बरोबर होती.

गिट लॉगमध्ये फक्त त्या फाइलीचा इतिहास बदलांसकट काढा आणि प्लगिनने केलेली पहिली कमिट (बदलांची नोंद) शोधा. तिच्या आधीची फाइल हीच खरी प्रत. ती बाजूला उघडा, आजची फाइल शेजारी ठेवा आणि मधल्या काळात माणसांनी केलेले बदल एकेक करून जुन्या प्रतीवर आणा. आम्हाला एक पूर्ण दुपार लागली. कॉमेंट परत आल्या, देवनागरी परत वाचता येऊ लागली, कोडांना कोट बसले. ती कमिट वेगळी ठेवा, तिच्यात दुसरं काहीही घालू नका. आणि तिच्यासोबतच सुरुवातीची ती 'काही न बदलता लिहा आणि डिफ रिकामा आहे का बघा' ही तपासणी टेस्ट म्हणून पाइपलाइनमध्ये टाका. नमुना फाइलीत एक ०२०, एक ३.१०, एक 'ऑन', एक कॉमेंट आणि 'दुसऱ्या' हा शब्द असू द्या.